उजळीचं बेट

प्रयागबाईंचं झुडूप कापलं गेलं ते गेल्या वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी न्याहारीच्या वेळेला. कापणाऱ्यानं विचारलं नाही आणि कापायला सांगणाऱ्यानं जागा बघितली नाही. आणि ज्या झुडपावर जेसीबी फिरला ते झुडूप, मला जेवढं कळलंय तेवढ्यावरून, एका धरणाच्या पाण्यातलं एक बेट सोडलं तर दुसरीकडं कुठंही उगवत नाही. हे आधीच लिहून ठेवते. पुढं भज्जी आणि आंबिलीचं वर्णन येणार आहे, ते वाचून कुणाला मी सहलीला गेले होते असं वाटायला नको.

धरणाचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. नाव छापलं की येत्या रविवारी माणसं गाड्या काढून येतील, झुडपाला खेटून फोटो काढतील आणि जाताना एक फांदी कुंडीत लावायला घेऊन जातील. आपल्या लोकांना मी ओळखते. धाराशिव जिल्हा, कर्नाटकाकडची बाजू, एवढं पुरे.

प्रयागबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या ज्येष्ठात, कलेक्टर ऑफिससमोरच्या आमच्या मांडवात. आम्ही पिण्याच्या पाण्यासाठी बसलो होतो. मी पत्रकं वाटत होते. साठीच्या पुढची एक बाई आली, चप्पल काढून सतरंजीच्या कडेला बसली आणि खताच्या पिशवीतून सुकलेल्या फांद्या काढून माझ्यापुढं ठेवल्या.

"तुमी झाडाचं बी वरडता का, का निस्तं पाण्याचंच?"

मी म्हटलं, सांगा तरी. मग त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव धरणात गेलं. घर, मळा, विहीर सगळं पाण्याखाली. राहिलं ते शेताच्या वरच्या अंगाचं मुरमाड टेकाड. पाणी भरलं की त्याच्या चारी बाजूंनी पाणी, म्हणजे आता ते बेट झालं. कागदोपत्री तेही भूसंपादनात गेलेलं, पण घरच्या पूजेचे पांडव तिथले. दर वेळ अमावस्येला ही माणसं होडीतून त्या टेकाडावर जातात, पूजा करतात, जेवतात आणि परत येतात. पूजेला फूल लागतं ते उजळीचं. पांढरं, पाच पाकळ्यांचं. पाच पांडव, पाच पाकळ्या.

"पूर्वी सगळ्या वढ्याच्या काठानं हुती उजळी," त्या म्हणाल्या. "वढा गेला, काठ गेला. वर टेकाडावर तेवढी ऱ्हायली. आन् ती बी आता मशिनीनं काढली."

फांद्या मी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना दाखवल्या. त्यांनी भिंगाखाली उलटसुलट करून बघितल्या. फुलाशिवाय सांगता येणार नाही, म्हणाल्या. पण पान ओळखीचं नाही. पुस्तकात नाही, जुन्या नमुन्यांतही नाही. "फक्त तिथंच आहे असं मी म्हणत नाही हं," असंही म्हणाल्या. ते मी म्हणते.

उजळी फुलते मार्गशीर्षाच्या शेवटाला. म्हणून वेळ अमावस्येला मी ढोकीहून निघाले.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-धाराशिवकडं शेतातच साजरी होते. त्या दिवशी गावं रिकामी पडतात. दुकानं बंद, गल्ल्या बंद, कुत्रीसुद्धा माणसांमागं रानात गेलेली. बसस्टँडवर मी, एक पोलीस आणि कंडक्टर. कंडक्टर गाडी निघेपर्यंत फोनवर बायकोला सांगत होता की आंबील ठेव, संपवू नका. गाडी गावाबाहेर पडली आणि दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. कारखान्याला सण नसतो. ट्रॉलीतून ऊस दोन्ही बाजूंना असा लोंबत होता की ओव्हरटेक करायची सोय नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरून एक कांडं ओढून घेतलं आणि शांतपणे सोलत बसला.

धाराशिवला गाडी बदलली. नव्या कंडक्टरला म्हटलं, धरणावर उतरायचंय.

"माकणी का?"

"नाही, दुसरं."

"मग तिथं काय हाय? निस्तं पाणी."

म्हटलं, त्या पाण्यातच काम आहे. त्यानं तिकीट दिलं आणि पुढं काही विचारलं नाही. बाहेर दोन्ही अंगांना ज्वारी पोटऱ्यात आलेली, तुरी काळपट झालेल्या, आणि प्रत्येक शेतात एकेक कोप (कडब्याच्या पेंढ्यांची छोटी झोपडी) उभी. मोटरसायकलवर तिघं-तिघं, मधल्या बाईच्या मांडीवर आंबिलीचं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं. सगळा जिल्हा जेवायला निघाला होता आणि मी भांडायला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

फाट्यावरून धरणापर्यंत चालत गेले. काठावर पंपहाऊस आहे. त्याच्या समोरच्या भिंतीला टेकून बांबूचं एक बेट वाढलंय, बेफाम. काड्या खिडकीच्या गजांतून आत शिरल्यात, पानांचा पाचोळा पत्र्यावर साचलाय. त्या बांबूच्या सावलीत खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात मोबाइल. हे शिवाप्पा. इथल्या ठेकेदाराचे मुकादम. वैशाखात जेसीबी यांनीच नेला होता, हे मला प्रयागबाईंनी मांडवातच सांगितलं होतं.

मी ओळख करून दिली आणि सरळ विचारलं, टेकाडावरची झुडपं का काढली?

"ताई, वरून हुकूम आला, केलं. मला काय त्या झाडाचा राग हाय का?"

"हुकूम कुणाचा?"

"साहेबांचा. फोनवर. तुम्ही पेपरवाल्या का?"

"पत्रकवाली."

"म्हणजे बिनपगारी," ते म्हणाले आणि त्यांनी मला बसायला दुसरी खुर्ची ओढली. माणूस वाईट वाटला नाही, आणि त्यामुळं माझा राग आणखी वाढला. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

तेवढ्यात काठाला होडी लागली. प्रयागबाई, त्यांचा मुलगा बालाजी आणि सून. होडीत कडब्याच्या पेंढ्या, भाकरीचं गाठोडं, भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं. बालाजी उतरला, माझी पिशवी घेतली आणि शिवाप्पांकडं बघून म्हणाला, "आप्पा, चला. पान वाढून ठेवलंय समजा."

मी त्याला बाजूला घेतलं. "यांनीच कापलं ना?"

"व्हय."

"आणि यांनाच जेवायला?"

उत्तर प्रयागबाईंनी होडीतून दिलं. "आजच्या दिवशी काठावर दिसंल त्याला इचारावं लागतंय, पोरी. मला बी लई वाटतंय न्हाय म्हणावं. पर न्हाय म्हणता येत न्हाय. बस आता, न्हायतर आंबील तापंल."

बसताना माझी एक चप्पल काठच्या गाळात राहिली. ओढायला गेले तर पट्टा हातात आला आणि चप्पल आत. दुसरी तिथंच टाकली. असं मी अनवाणी आणि शिवाप्पा पायात बूट घालून, एकाच फळीवर समोरासमोर बसून निघालो.

पाणी हिरवट, थंड, हलत नसलेलं. बालाजी वल्हं मारता मारता बोटानं दाखवत होता: इथं मारुतीचं देऊळ, इथं चावडी, इथं आमचा गोठा. दिसत काहीच नव्हतं. प्रयागबाई त्या बाजूला बघत नव्हत्या. मडकं दोन पायांत धरून त्या समोरच्या टेकाडाकडं बघत बसल्या होत्या.

बेट म्हणून डोळ्यांपुढं काही मोठं आणू नका. जेमतेम एक खळं मावेल एवढा माथा, उताराला मुरूम, बोरीचं एक झाड आणि कुसळी गवत. वरच्या अंगाला जेसीबीच्या बकेटचे दात मुरमात अजून उठून दिसत होते. चर पडले होते, त्यांत पावसाळ्याचं पाणी साचून आटलेलं. शिवाप्पांनी चर बघितले आणि लगेच तोंड फिरवून बोरीकडं बघितलं.

मग बालाजीच्या बायकोनं हाक मारली. बोरीच्या पलीकडं, मशिन जिथं वळलं असणार त्या कोपऱ्यात, कापलेल्या खोडातून फुटवे आले होते. गुडघ्याएवढे. तांबूस काड्या, जाडसर बारीक पानं, खालून लव. त्यातल्या एकाच काडीच्या शेंड्याला फुलं होती. मी जवळ जाऊन वाकले. वास हरभऱ्याच्या हिरव्या पानांवर धरणाऱ्या आंबट आंबीसारखा. पाकळी इतकी पांढरी की त्यावरची मुंगी आधी दिसली आणि फूल नंतर. मी आजवर झाडांच्या बाजूनं पुष्कळ घोषणा लिहिल्यात. एखाद्या झाडाकडं इतका वेळ बघत बसले नव्हते.

बाकी टेकाड आम्ही सगळ्यांनी मिळून धुंडाळलं. दुसरं खोड सापडलं नाही.

प्रयागबाई पदर खोचून फुलांकडं गेल्या तेव्हा मी मधे उभी राहिले.

"मावशी, यंदा तोडायचं नाही. एकसुद्धा नाही. बी धरू द्या."

"आन् पांडवाला काय वाहू? तुझं पत्रक?"

सून हसली. शिवाप्पाही हसले, मग थांबले.

"मावशी, फुलांची एवढी एकच काडी राहिलीय. ती गेली तर पुढच्या वर्षी वाहायला तरी काय असेल?"

"पुढल्या साली मी आसंन का, ते तू सांगती का? माझ्या सासूनं वाहिलं, तिच्या सासूनं वाहिलं. गाव बुडालं त्या साली बी आमी टेकाडावर येऊन वाहिलं. आन् आता तू मला थांबिवतीस. मशिनीला थांबवाय कोन आलं न्हाय."

मी बाजूला झाले नाही. आम्ही दोघी त्या काडीच्या दोन बाजूंना उभ्या. बालाजीनं मध्ये पडायचा प्रयत्न केला: "आये, शेवंती हाय की होडीत." त्याच्याकडं त्यांनी असं बघितलं की तो पेंढ्या आणायला निघून गेला.

त्या खाली बसल्या. मग तिथूनच हाक दिली, "बाला, दगडं हिकडं आण."

पांडव म्हणजे चुन्यात बुडवून पांढरे केलेले पाच दगड. त्यांची जागा टेकाडाच्या माथ्यावर, कोपही तिथंच होणार होती. बालाजी घुटमळला. "आये, जागा बदलायची?"

"जागा कुटं बदलली? रान त्येच हाय. फूल वाहायचं आसतंय. तोडायचं आसतंय आसं कोन म्हनलं?"

पाची दगड उजळीच्या खोडाशी मांडले. पेंढ्या उभ्या करून कोप त्या झुडपाभोवतीच बांधली, एक बाजू उन्हाला मोकळी ठेवून. प्रयागबाईंनी फुलांची काडी दोन बोटांत धरली, हलकेच वाकवली, एकेका दगडाच्या डोक्याला लावली आणि सोडून दिली. काडी वर गेली. फुलं होती तिथंच राहिली.

मग बालाजी आंबिलीचा गडू आणि ज्वारीचं हिरवं धाट घेऊन कोपीभोवती फिरला, आंबील शिंपडत आणि "ओलगे, ओलगे" अशी हाळी देत. या हाळीचा अर्थ मी लहानपणापासून विचारतेय आणि कुणी सांगत नाही, सगळे फक्त ओरडतात. मीही ओरडले. पाण्यापलीकडच्या शेतांतून तीच हाळी अधूनमधून ऐकू येत होती.

जेवायला बसलो. भज्जी (पालेभाज्या, ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे आणि वाटाण्याचे दाणे एकत्र घोटून केलेली भाजी), बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाचा खिचडा, आणि वर लसणाची फोडणी दिलेली ताकातली आंबील. भज्जीची चव प्रत्येक घरची वेगळी लागते. ही थोडी कडसर होती, बहुतेक मेथी जास्त. मी तीनदा घेतली. शिवाप्पांच्या पानात प्रयागबाई न विचारता वाढत होत्या.

शेवटी ते स्वतःच बोलले. "मावशी, मला साहेबांनी फोनवर सांगितलं, पंपहाऊससमोरचं बेट साफ करून घ्या. आता आमच्या घरात कानडी. आमच्यात बेट्ट म्हणजे डोंगर. पंपहाऊससमोर हे एकच टेकाड. वैशाखात इथं पाणी बी नव्हतं, चिखलातून मशिन सरळ आलं. मी म्हटलं, हाच तो बेट्ट."

मी म्हटलं, "आणि साहेबांना कुठलं म्हणायचं होतं?"

त्यांनी काठाकडं हात केला. इथूनसुद्धा दिसत होतं. पंपहाऊसच्या छतावर रेललेलं, वाऱ्यानं डुलणारं बांबूचं बेट.

"त्ये?" बालाजी म्हणाला. "त्ये तर अजून हाय."

"हाय की. साहेबांनी परत विचारलं तवा कळलं. मी त्याच्याच सावलीत बसतो."

सुनेला हसू आवरेना. बालाजीही हसला. प्रयागबाई हसल्या नाहीत. मीही नाही. शब्द चुकू शकतो, आमच्या भागात तर तीन भाषा एकाच जिभेवर नांदतात. पण टेकाडावर चुना लावलेले पाच दगड होते. ते बाजूला सारून मशिन पुढं गेलं. तेवढं बघून एका माणसाला एवढंच विचारायला हवं होतं की हे कुणाचं आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. शिवाप्पा मान खाली घालून म्हणाले, "बरोबर हाय, ताई. दगडं मीच उचलून कडंला ठेवली. नमस्कार करून ठेवली."

"मग साहेबांना आत्ता फोन लावा. माझ्यासमोर. सांगा काय झालं ते."

त्यांनी लावला, स्पीकरवर. मी आशेनं पुढं सरकले.

"साहेब, नमस्कार. शिवाप्पा बोलतोय. ते बेटाचं बोलायचं होतं."

"अहो, ते बेट अजून काढलं नाही का? किती वेळा सांगायचं? उन्हाळ्यात बेट राहता कामा नये. मुळासकट काढा."

शिवाप्पांनी आमच्याकडं बघितलं. प्रयागबाईंनी हात पुसला आणि फोन त्यांच्याकडून घेतला.

"साहेब, बांबू म्हणा."

"कोण बोलतंय?"

"जिचं रान तुमच्या पाण्याखाली हाय, ती. बेट म्हणू नका. बांबू म्हणा. तुमी बेट म्हणला की हितं माझे पांडव उचलतेत."

पलीकडून "हॅलो, हॅलो" एवढंच आलं आणि रेंज गेली. टेकाडावर रेंज एका जागी थांबत नाही. शिवाप्पांनी दोन-तीनदा लावून बघितला. लागला नाही.

मी म्हटलं, लेखी देते. उद्याच देते. त्या ऑफिसात देते आणि पोच घेते. शिवाप्पा म्हणाले, "द्या. माझ्या हातानं आता या टेकाडाला मशिन लागणार न्हाय. पण ताई, आमचा ठेका फाल्गुनात संपतो. पाणी उतरतं वैशाखात. तवा माझ्या खुर्चीवर दुसरा कुणी आसंल, आन् त्याला बी फोनवरच सांगतील."

हे त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि ते त्यांनी सांगितलं याबद्दल मी त्यांचे आभार मानले. आभार मानायला मला फार जड गेलं.

निघताना रिवाजाप्रमाणं कोप मोडायची असते. बालाजीनं पेंढीला हात घातला तर प्रयागबाईंनी नको म्हटलं. "ऱ्हाऊ दे. हितं कोन बसलंय बघाय." कोपीच्या आत पाच दगड आणि वर काडी. त्यांनी चरातला मुरूम हातानं ओढून खोडाला लावला. मी दुसऱ्या बाजूनं लावला. शिवाप्पांनी बूट काढले आणि होडीतली घागर पाण्यानं भरून आणली.

परतीच्या बसमध्ये जेवून सुस्तावलेली माणसं होती, रिकामी मडकी होती, झोपलेली पोरं होती. माझे पाय मुरमानं लाल. एका बाईनं विचारलं, चप्पल कुठंय, म्हटलं धरणात. तिनं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि सरकून जागा दिली.

मला सवय आहे ती अशी: अन्याय झाला की आधी माणूस शोधायचा, मग त्याच्या नावानं पत्रक काढायचं. या वेळी माणूस सापडला आणि त्यानं माझ्यासमोर आंबील प्यायली. साहेबांवर पत्रक निघेल, ते मी लिहिणारच आहे, अर्जही दिला आहे. पण उद्या साहेब बदलले, मुकादम बदलले, तरी फोनवरचा तो एक शब्द तसाच राहील. झुडूप एकाच जागी असलं की त्याला संपवायला कुणी दुष्ट लागत नाही. कुणाच्या तरी कानाची चूक पुरते.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. माझ्या मते उजळी जगात एकाच बेटावर आहे, आणि एकाच काडीवर फुलते आहे. मला खोटं पाडा. तुमच्या शिवारातल्या मुरमाड टेकाडावर, ओढ्याच्या जुन्या काठाला, धरणाच्या पाण्यातून वर आलेल्या प्रत्येक उंचवट्यावर मार्गशीर्षात स्वतः जाऊन बघा. तांबूस काडी, खालून लव असलेलं जाड पान, पाच पाकळ्यांचं पांढरं फूल. दिसलं तर हात लावू नका. गावात या, ग्रामसभेत उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा की आमच्याकडं उजळी आहे, अमुक बांधाला आहे, आणि आम्हाला विचारल्याशिवाय तिथं कुणीही मशिन आणायची नाही.